'गाणं लाव' की 'गाणं वाजव'?

गवती_चहा :
दिवाळीत नणंदेने घरी बोलका स्पीकर आणून दिला. तो आता फ्रिजवर बसलाय आणि त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलतात त्या माझ्या सासूबाई, वय ७८. सेटिंगमध्ये भाषा दोनच सापडल्या, इंग्रजी आणि हिंदी. आम्ही इंग्रजी ठेवली. परवा सकाळी सासूबाईंनी ऐटीत हाक मारली आणि म्हणाल्या, "भजन लाव." कुठलंसं इंग्रजी प्रेमगीत सुरू झालं. "अगं, भजन लाव गं बाई." दुसरं प्रेमगीत. तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तो 'लाव'चं 'लव्ह' ऐकतोय!
लेक हसून लोळला आणि वर आजीलाच शिकवायला लागला. "आजी, चूक तुझी आहे. गाणं वाजवतात. लावतात तो कुकर." सासूबाई म्हणाल्या, "साठ वर्षं रेडिओ लावतेय मी, तू कोण मला सांगणारा?"
तर मंडळी, बरोबर काय? लावणे, वाजवणे, चालू करणे, की सरळ प्ले करणे?

जुनी_तबकडी :
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचंच बरोबर आहे.
'लागणे' हे संस्कृत 'लग्' धातूवरून आलं. लग् म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. 'लावणे' ही त्याचीच सकर्मक जोडी, म्हणजे एक वस्तू दुसरीला नेऊन भिडवायची. तिकीट पाकिटाला लावतो, कुंकू कपाळाला, शिडी भिंतीला. आमच्या वाड्यात किल्लीचा ग्रामोफोन होता. तबकडी खुंटीवर बसवायची, किल्ली द्यायची आणि सुई अलगद टेकवायची. याला 'तबकडी लावणे' म्हणत, आणि ते अक्षरशः लावणंच होतं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या त्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपे, मग पुन्हा उठा. रेडिओ आला तरी क्रियापद टिकलं, कारण तिथेही काटा स्टेशनाला नेऊन लावायचा असे. 'आपली आवड' हा गाण्यांचा कार्यक्रम लावायला उशीर झाला की घरात बोलणी बसत. पुढे कॅसेट लावली, सीडी लावली. आता हाताला काही लावायचंच उरलं नाही, तोंडानेच सांगायचं, पण क्रियापद तेच राहिलं. बिचाऱ्याने कुठे जावं?
दुसरं असं की मराठीत एकदा सुरू करून दिलं की मग आपापलं चालू राहतं अशा पुष्कळ गोष्टी आपण 'लावतो'. कुकर लावतो, गीझर लावतो, पंखा लावतो, विरजण लावतो. नातवाने कुकरचा दाखला स्वतःच दिलाय, म्हणजे त्याने आजीचीच बाजू मांडली.

संत्रानगरी :
आमच्या नागपुरात "गाणं लावून दे ना" म्हणतात. नुसतं 'लाव' म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटते. 'वाजव' हे मला हिंदीतल्या 'बजाओ'चं भाषांतर वाटून राहिलं. पोरं मोबाइलवर हिंदी ऐकतात आणि तेच मराठीत आणतात.

तानपुरा :
संत्रानगरी, एवढं सोपं नाही. 'वाजवणे' अस्सल मराठी आहे, फक्त त्याचं कर्म वेगळं आहे. ते आपल्यासोबत वाद्य मागतं. पेटी वाजव, ढोल वाजव, शिट्टी वाजव. त्यात वाजवणाऱ्याची कला येते. मी शिष्याला "यमन वाजव" म्हटलं तर त्याने सतार उचलावी अशी माझी अपेक्षा असते. "यमन लाव" म्हटलं तर त्याने फोन उचलावा. हा फरक आमच्या क्लासात कुणाला शिकवावा लागत नाही. लग्नातला बँडवाला गाणं 'वाजवतो' कारण त्याच्या हातात खरोखर वाद्य असतं. डीजेवाला काय करतो, लावतो की वाजवतो? त्यावर वेगळी चर्चा काढावी लागेल, आणि ती भांडणात संपेल.
'वाजणे' मात्र यंत्राला बिनदिक्कत चालतं. रेडिओ वाजतोय, फोन वाजला, दारावरची घंटा वाजली. थंडीसुद्धा वाजते. पण यंत्र वाजतं आणि माणूस ते लावतो, अशी कामाची वाटणी आहे.
एक खोच सांगते. 'लाव' सगळीकडे सरळ नाही. आमच्यात "तंबोरा लाव" म्हणजे तारा सुरात जुळव. "सूर लाव" म्हणजे गळ्याने सूर धर. मी स्पीकरला "तंबोरा लाव" सांगितलं तर काय व्हायला हवं? नुसती रेकॉर्ड केलेली आस, म्हणजे तारांचा रेंगाळणारा नाद, घुमत राहिली तर शब्दकोशाच्या दृष्टीने ती नापास.

मालवणी_मसाला :
आमच्याकडे "गाणा लाय". मी तसं इंग्रजी स्पीकराक सांगितलंय तर तो 'लाय' म्हणजे खोटा बोलणं समजतलो. आजी निदान प्रेमात तरी पडली.

गवती_चहा :
😂 सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एक नवीन प्रश्न काढला. "लावणी लाव" म्हटलं तर?

जुनी_तबकडी :
'लावणी'ची व्युत्पत्ती विद्वानांत वादग्रस्त आहे. कुणी ती 'लावणे'शी, भाताच्या लावणीशी जोडतात, कुणी 'लावण्या'शी. त्यात मी पडत नाही. पण स्पीकरच्या कानाने ऐकलं तर दोन्ही शब्दांत 'लव्ह'च आहे, आणि लावणीच्या बाबतीत ते अगदीच चूक म्हणता येणार नाही.

आळशी_उंट :
मी या क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून यंत्राची बाजू मांडतो. डबा सारखा कान देऊन असतो तो फक्त हाकेच्या शब्दासाठी, आणि ते काम तो स्वतःच करतो. हाक ऐकली की पुढचं बोलणं सर्व्हरकडे जातं, तिथे आवाजाची अक्षरं होतात आणि मग त्या अक्षरांत तीन गोष्टी शोधल्या जातात, करायचं काय, कुठलं गाणं आणि कुठल्या सेवेवरून. इंग्रजीवर ठेवलेल्या यंत्राला 'लाव' हा शब्दच नसतो, मग जवळचा म्हणून 'लव्ह' पकडला जातो. त्यात त्याचा दोष असेल तर एवढाच की त्याला मराठी ठाऊक नाही.
भाषांचं म्हणाल तर अलेक्सा भारतात २०१७ मध्ये आली आणि हिंदी बोलायला लागली २०१९ मध्ये. गूगलच्या असिस्टंटला फोनवर मराठी कळायला लागलं ते २०१८ पासून.
पण मला खरी गंमत वाटते ती शब्दक्रमाची. इंग्रजीत क्रियापद आधी येतं. 'प्ले' म्हटलं की पुढे गाण्याचं नाव येणार हे ठरलं. मराठीत शेवटच्या शब्दापर्यंत काही ठरत नाही. "भीमसेनांचे अभंग..." इथवर ऐकून काय कळणार? पुढे 'लाव' येईल, 'बंद कर' येईल, 'नको गं आता' येईल किंवा 'किती छान आहेत ना' येईल, जे मुळात यंत्रासाठी नव्हतंच. शिवाय आपण मधेच थांबतो. "ते हे लाव ना... काय बरं ते... पावसाचं..." माणूस ऐकणारा असेल तर तो थांबतो, सुचवतो. यंत्र जरा शांतता झाली की बोलणं संपलं असं धरतं आणि कामाला लागतं. माझी आई चाचरायला लागली की मी शेजारून नाव पुरवतो, मग आम्ही दोघं एकदम बोलतो आणि तिसरंच काहीतरी लागतं.
आणखी एक. सेवांवरच्या यादीत मराठी गाण्यांची नावं बऱ्याचदा रोमन लिपीत असतात, आणि ज्याला जसं सुचलं तसं त्याने लिहिलेलं असतं. 'ळ'चा 'ल' होतो, 'विठ्ठल'मध्ये कुणी एक टी लिहितो, कुणी दोन. तुम्ही कितीही शुद्ध बोला, पलीकडची पाटीच अशुद्ध असते.

संत्रानगरी :
मग उपाय काय बे? आम्ही सगळ्यांनी क्रियापद आधी ठेवून बोलायचं का? "लाव भजन"?

आळशी_उंट :
"लाव भजन" वाईट नाही की. रागावलेली माणसं मराठीतही क्रियापद आधी टाकतात. "ठेव तो फोन!" "आण इकडे!" फक्त रोज सकाळी भजनासाठी रागवायचं का, हा प्रश्न आहे.

गवती_चहा :
लावण्याचं निकालात निघालं असं धरते. आता बंद करण्याचं बघा. माझ्या सासूबाई भजन चालू असताना 'बंद कर' म्हणत नाहीत. दिवा 'विझव' म्हणत नाहीत, 'मालव' म्हणतात, त्यातलाच प्रकार. भजनाला त्या म्हणतात, "पुरे गं आता." किंवा "राहू दे." यातलं काहीच त्याला कळत नाही, मग मी येऊन इंग्रजीत दटावते.

तानपुरा :
'राहू दे' यंत्राला कळलं नाही तर मी त्याला माफ करीन, कारण ते माणसालाही कळत नाही. गाणं बदलायला गेलात आणि मी "राहू दे" म्हटलं, तर आहे तेच चालू ठेव. गाणं लावायला गेलात आणि "राहू दे" म्हटलं, तर नको, लावूच नकोस. शब्द तेच, अर्थ उलट. हात कुठे होता त्यावर ठरतं, आणि यंत्राला हातच दिसत नाही.
बाकी मराठीत हे सगळं फार नेटकं आहे. 'थांब' म्हणजे जरा विराम, परत सुरू होणार आहेस. 'बंद कर' म्हणजे संपलं. 'सुरू कर' म्हणजे सोडलंस तिथून पुढे. 'परत लाव' म्हणजे पहिल्यापासून. एवढ्यासाठी इंग्रजी शब्द मागून आणायची गरज नाही. पण फोनची भाषा मराठी केली की बटणावर दिसतं 'प्ले करा', आणि विरामाला 'थांबवा'. एक पाय इथे, एक तिथे. शिवाय 'थांब' आणि 'थांबव' यांत फरक आहेच. यंत्रालाच सांगायचं असेल तर 'थांब', गाण्याविषयी सांगायचं असेल तर 'थांबव'. मी 'थांब' म्हणते, कारण बोलतोय तो समोर आहे.

जुनी_तबकडी :
'परत लाव'ला आपल्याकडे जुना भारदस्त शब्द होता, 'वन्स मोअर'. बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअर पडत आणि पद पुन्हा होई. इंग्रजी शब्द असूनही तो संगीत नाटकाने इतका आपलासा केला की मराठी नाही म्हणवत नाही. स्पीकरला तो कळायला हवा, शब्द इंग्रजीच आहे!

मालवणी_मसाला :
आवाजाचा काय? आमची आई म्हणता "बारीक कर".

गवती_चहा :
आमच्याकडेही 'बारीक कर'. आणि मोठा करायचा तर 'वाढव'. त्यावर लेकाचं शहाणपण असं, "आजी, नारळ वाढवतात म्हणजे फोडतात, बांगडी वाढवली म्हणजे फुटली. मग आवाज वाढव म्हटल्यावर स्पीकर फुटेल." पोरगं बिघडलंय, पण कान तयार आहे.

तानपुरा :
'बारीक'ला माझी हरकत आहे. लहान मुलाचा आवाज 'बारीक' असतो म्हणजे पातळ, उंच पट्टीचा. तो हळू असतोच असं नाही, माझ्या भाचीला ऐका एकदा. आवाजाचा जोर आणि आवाजाची उंची या दोन वेगळ्या गोष्टी. जोरासाठी मोठा आणि लहान, उंचीसाठी चढा आणि उतरता. "आवाज चढव" म्हणाल तर मी पट्टी वर नेईन, आणि घरात कुणी आवाज चढवला तर ते भांडण. स्पीकरला 'मोठा कर' आणि 'लहान कर' हेच सांगावं.

जुनी_तबकडी :
बाई, तुमचं शास्त्र बरोबर आहे, पण रेडिओचा आवाज या महाराष्ट्रात कितीतरी वर्षं 'बारीक' होत आलाय. गॅससुद्धा बारीकच करतात. बटण पिळून कमी होतं ते बारीक. मी बदलणार नाही.

तानपुरा :
गॅसचं मान्य. आवाजाचं नाही.

संत्रानगरी :
'स्मार्ट स्पीकर'ला मराठीत काय म्हणायचं ते राहिलं. कुणी 'चतुर ध्वनिक्षेपक' म्हणू नका, हात जोडतो.

आळशी_उंट :
'बोलका स्पीकर' हे पहिल्याच ओळीत आलंय, मला तेच आवडलं. आमच्या गावी लग्नात झाडावर बांधतात त्याला 'कर्णा' किंवा 'भोंगा' म्हणतात, पण तो नुसता बोलायचा, ऐकायचा नाही.

जुनी_तबकडी :
ऐकण्यावरून आठवलं. एचएमव्ही कंपनीच्या तबकडीवरच्या चित्रात कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा असे, मालकाचा आवाज ऐकणारा. आता फ्रिजवरचा डबा ऐकतो आणि आपण त्याच्यासमोर बसलेलो.

गवती_चहा :
ताजी बातमी. आज लेकाने भाषा बदलून हिंदी केली. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे "भजन लाव" म्हटलं आणि पहिल्या झटक्यात भजन लागलं. लेकाचं म्हणणं, हिंदीत त्याला 'लाव'च्या जागी 'लाओ' ऐकू येतं, म्हणजे 'आण'. सासूबाईंना हे आम्ही सांगितलेलं नाही. त्या समजतायत, त्याला मराठी आलं. आज त्याला "शहाणा गं माझा" म्हणाल्या. 'गं' का, ते विचारू नका.