अळंबी, अळंबे की कुत्र्याची छत्री?

परवा बांधावरच्या वारुळाला लागून पांढऱ्या छत्र्यांची दाटी दिसली. मी म्हटलं, "अळंबी आलीत!" बायको घाटावरची. ती म्हणाली, "अहो, कुत्र्याच्या छत्र्या त्या, हात लावू नका." शेजारच्या काकू म्हणाल्या, "अळंबी आलीये." आता सांगा, अळंबी एक की अनेक? आणि कुत्र्याची छत्री म्हणजे तीच का दुसरी?

—

मूळ शब्द 'अळंबे', नपुंसकलिंगी. एक केळे, दोन केळी. तसं एक अळंबे, दोन अळंबी. कोकणीत अजून अळमें-अळमीं चालतं. गोव्यात पावसाळ्यात रोणाची (म्हणजे वारुळावरची) अळमी शेकड्यावर मोजून, पानात बांधून विकतात. एकच अळंबे विकत घेणारा कुणी नसतो, म्हणून अनेकवचनच कानावर पडत राहिलं आणि 'भाजी'च्या संगतीत ते स्त्रीलिंगी एकवचन झालं, असा आपला माझा अंदाज. 'अळंब्यांची भाजी' म्हणणारी पिढी गेली, आता सगळीकडे 'अळंबीची'. दोन्ही बरोबर माना. काकूही बरोबर, तुम्हीही.

—

आमच्या भंडारा-गोंदियाकडे वारुळावरच्यांना सात्या म्हणतात. उपटू नका, खुरप्यानं बाजूनं खणा. सात्या असेल तर देठ जमिनीत मुळासारखा खोल जातो, थेट उधईच्या (तुमची वाळवी) घरट्यातल्या स्पंजासारख्या गोळ्यापर्यंत. ती बुरशी उधईच पोसते, आपल्या खाण्यासाठी. टोपीच्या मधोमध टोक असतं, जरा गडद. पेंढ्याच्या पिशव्यांत वाढवतात ती धिंगरी. तिला सात्या म्हणून कुणी विकलं तर भांडा.

—

'कुत्र्याची छत्री' हे एका जातीचं नाव नाहीच, तो निकाल आहे. खायची नाही ती सगळी कुत्र्याची: शेणावरची, कुजक्या ओंडक्यावरची, मैदानातली. हिंदीनंही कुत्र्यालाच धरलंय, कुकुरमुत्ता. बंगालीत मात्र ती बेडकाची छत्री, ब्यांगेर छाता. वाक्प्रचारात फरक लगेच कळतो. "गल्लोगल्ली कुत्र्याच्या छत्र्यांसारखे क्लासेस उगवलेत" म्हणतो आपण. तिथे 'अळंब्यांसारखे' म्हणून बघा, क्लासवाल्याची स्तुती केल्यासारखं वाटेल. 'भूछत्र' पाठ्यपुस्तकातलं, त्याला ना चव ना शिवी.

पण हा निकाल गावागणिक बदलतो, म्हणून नावावर विसंबून खाऊ नका. हिरवळीवर एक मोठी पांढरी छत्री येते, टोपीवर तपकिरी खवले. कोवळी असताना खालच्या पापुद्र्या पांढऱ्याच, पिकल्यावर हिरवट होतात. ती विषारी, उलट्या-जुलाबांनी आडवं करते. कोवळेपणीच खुडली तर कळणार कसं? आणि लसूण काळी पडली तर विषारी, चांदीचं नाणं काळवंडलं तर विषारी, या परीक्षा साफ खोट्या.

—

काल खुरपं घेऊन गेलो. एकाचा देठ दीड वीत निघाला आणि तिथेच तुटला, खालचा गोळा काही दिसला नाही. टोपीला टोक होतं. खाल्लं नाही, बायकोनं घरात आणूच दिलं नाही. मी मुद्दाम म्हणून पाहिलं, "हे एक अळंबे." काकू हसल्या, म्हणाल्या, "एका अळंबीला अळंबे म्हणतात होय? वडा-वडे ऐकलं होतं, हे नवीनच."