इलेक्ट्रिक ऑफ-रोडर: कुणाच्या मदतीशिवाय परत येईल अशी गाडी कशी असावी?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

डिझेलची फोर-बाय-फोर बरीच वर्षं चालवतोय. पुढची गाडी विजेवरची घ्यायची इच्छा आहे, म्हणून जे जे बाजारात येतंय ते वाचत असतो. आकडे मोठे असतात. हजार हॉर्सपॉवर, तीन-चार सेकंदांत शंभरचा वेग. पण खडकाळ चढावर माझी गाडी माणसाच्या चालीने जाते. तिथे त्या हजार हॉर्सपॉवरचा मला उपयोग नाही. मला हवी आहे ती अशी गाडी, की जिथवर नेली तिथून ती स्वतःच्या चाकांवर परत आली पाहिजे. वाटेत काही मोडलं, तरीही.

सगळ्यात आधी पोट. बॅटरी जमिनीखाली पसरलेली असते, म्हणजे गाडीतला सगळ्यात महाग भाग दगडांच्या सगळ्यात जवळ. तिच्याखालचं कवच मला जाड तर हवंच, पण ते तुकड्यातुकड्यांचं हवं. एक तुकडा चेपला तर चार बोल्ट काढून तेवढाच बदलता यावा आणि आत बॅटरीच्या पेटीला मार बसलाय का हे डोळ्यांनी बघता यावं. मर्सिडीजने २०२४ साली विजेवरची जी-क्लास आणली, तिच्या बॅटरीखाली २६ मिलिमीटर जाडीचं कार्बन-संमिश्राचं कवच आहे, वजन साधारण ५८ किलो. विचार योग्य दिशेने झालाय. मला त्यात चिखल धुऊन काढायला झाकणं आणि पाणी निथळायला भोकंही हवीत. कवच आणि पेटीच्या मध्ये चिखल वाळून बसला की आत काय चाललंय ते कळतच नाही.

दुसरी गोष्ट लांबी. मोठी बॅटरी मावायला कंपन्या दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, वाढवतात आणि गाडी उंचवट्यावर पोट टेकवते. साधं गणित करून बघा. ग्राउंड क्लिअरन्स (पोटाची जमिनीपासूनची उंची) २५० मिलिमीटर धरला आणि व्हीलबेस २९०० असला, तर मधला कोन, म्हणजे पोट न टेकवता किती तीव्र उंचवटा ओलांडता येईल तो, जेमतेम साडेएकोणीस अंश येतो. तोच व्हीलबेस २४५० केला तर तेवीस. हे साडेतीन अंश कागदावर किरकोळ दिसतात; बांधावरून गाडी उतरवताना तेवढ्यानेच अडतं.

मग स्टेपनी. पूर्ण मापाची, चारही चाकांसारखीच. पंक्चर किट टायरच्या बाजूला गेलेल्या चिरेवर चालत नाही, आणि खडकांत टायर फाटतो तो बाजूनेच. दाराची हँडलं हाताने ओढायची, आत-बाहेर दोन्हीकडून. दिवे-कुलपं चालवणारी बारा व्होल्टची छोटी बॅटरी मेली म्हणून दार उघडत नाही हे मला चालणार नाही. लो रेंज (हळू पण जास्त जोराने चालवणारा खोल गिअर), डिफ लॉक (डिफ म्हणजे अ‍ॅक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणारी गिअरपेटी; लॉक ती दोन्ही चाकं एकत्र बांधतो), उतारावरचा वेग यांची बटणं खरीखुरी, हातमोजा घालून दाबता येतील अशी. चिखलाच्या बोटांनी स्क्रीनवर मेनू शोधत बसणं मला मान्य नाही.

आता प्रश्न. चार मोटरी चांगल्या की दोन मोटरी आणि खरे लॉक? पाण्यातून जाताना खरा धोका कुठे असतो? आणि तुमच्या यादीत असं काय आहे जे माझ्या यादीत नाही?

---

तांब्याचीतार

मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरीला लागते तशी करून देणारा भाग) हे माझं रोजचं काम, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

"इलेक्ट्रिक मोटर शून्य वेगाला पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते" हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. खरं आहे, पण किती वेळ देते हे कुणी सांगत नाही. मोटर फिरत असते तेव्हा तिन्ही फेजांमधून करंट आळीपाळीने वाहतो, उष्णता वाटली जाते. चाक दगडाला टेकून थांबलंय आणि तुम्ही पेडल दाबून धरलंय, अशा वेळी करंट त्याच त्या गुंडाळीतून आणि इन्व्हर्टरच्या त्याच त्या स्विचांमधून सलग वाहत राहतो. ते तापतात, आणि काही सेकंदांत सॉफ्टवेअर टॉर्क कमी करतं. दगडावर चढायच्या नेमक्या क्षणी. यावर उपाय जुनाच आहे: लो रेंज. गिअर खोल असला की तेवढ्याच जोरासाठी मोटरला कमी करंट लागतो, आणि चाक मुंगीच्या पावलांनी सरकत असलं तरी मोटर फिरत राहते. विजेवरच्या गाडीला लो रेंज लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिला पायरीसारख्या दगडासमोर उभं करावं. त्या जी-क्लासमध्ये चारही मोटरींना प्रत्येकी वेगळी लो रेंज दिलीय, ती उगाच नाही.

चार मोटरींची दुसरी मर्यादा अशी. समजा चाकांवर एकूण १२००० न्यूटन-मीटर मिळतात. चार स्वतंत्र मोटरी असतील तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३०००, आणि तीन चाकं अधांतरी असली तरी चौथ्याला ३०००च. पुढे एक मोटर, मागे एक आणि दोन्हीकडे डिफ लॉक असेल, तर मागचं एक चाक हवेत गेल्यावर मागचे सगळे ६००० दुसऱ्या चाकाला मिळतात. चार मोटरी निसरड्यावर अप्रतिम, कारण प्रत्येक चाकावर क्षणाक्षणाला वेगळं नियंत्रण ठेवता येतं. जागच्या जागी गाडी वळवता येते ती त्यामुळेच. पण खडकांत, आणि एक मोटर बंद पडल्यावर घरी यायचं असेल तर, माझं मत दोन मोटरी आणि मेकॅनिकल लॉक. अमेरिकेतल्या स्काउट कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जी गाडी दाखवली तिच्यात मेकॅनिकल लॉक आणि मागे सलग अ‍ॅक्सल आहे. बघून बरं वाटलं.

मोटर चाकाच्या आत बसवण्याच्या कल्पनेपासून मात्र लांब राहा. स्प्रिंगखालचं वजन वाढतं आणि प्रत्येक दणका थेट मोटरला बसतो.

---

ओढ्यापलीकडे

पाण्याबद्दल. बॅटरीची पेटी बहुतेक ठिकाणी आयपी ६७ दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. हवेसाठी नळी वर न्यायची गरज नाही, इंजिनात पाणी जाण्याची भीती नाही. इथवर सगळं छान.

पण ती चाचणी स्थिर पाण्यात, नव्या सीलवर होते. आपण चढ चढून तापलेली गाडी थंड ओढ्यात घालतो. तापलेल्या पेटीतली हवा एकदम आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत ओढते. डिझेल गाडीच्या डिफमध्येही हेच होतं, म्हणून आपण ब्रीदर पाइप (आतली हवा ये-जा करायची नळी) बॉनेटपर्यंत वर नेतो. मला इथेही तेच हवंय: बॅटरी, दोन्ही मोटरी, गिअरपेट्या, सगळ्यांचे ब्रीदर एका उंच जागी आणलेले, दिसतील आणि साफ करता येतील असे. पेटीच्या आत ओलावा ओळखणारा सेन्सर, आणि त्याचा आकडा मला दिसला पाहिजे. नुसता लाल दिवा नको.

शिवाय सील ठरावीक काळाने तपासायची सोय हवी. पेटीला हवेचा दाब देऊन गळती बघता येते. त्यासाठीचा नोझल बाहेरून हाताशी असला तर कुठलाही मेकॅनिक ते काम करेल.

उताराचा एक मुद्दा राहिला. डोंगरमाथ्यावर रात्री चार्जिंग करून सकाळी पूर्ण भरलेल्या बॅटरीने उतरायला लागलात, तर मोटरीने ब्रेक लावून तयार झालेली वीज ठेवायला जागाच नसते. सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. तीन टनांच्या गाडीला तसे मोठे ब्रेक द्या, आणि ती जास्तीची वीज हीटरमध्ये जाळायची सोयही ठेवा. पेडलची जाणीव मात्र दोन्ही वेळी सारखीच हवी.

---

हलकंफुलकं

मला एकच गोष्ट हवी: कमी वजन.

हमर ईव्ही पिकअप चार टनांच्या पुढे जाते. तीन दारांची सुझुकी जिम्नी सव्वा टनाच्या आत. चिखलात रुतल्यावर या दोघींना बाहेर काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोर वेगळा, शॅकल (दोर अडकवायची कडी) वेगळे, अँकर (दोर बांधायचा आधार) वेगळा. मला साठ किलोवॉट-तासांची बॅटरी पुरेल, गाडी छोटी आणि हलकी द्या. लांबचा पल्ला हवा त्यांनी मोठी घ्यावी.

---

डोंगरवाट

तिघांचेही मनापासून आभार. तांब्याचीतार, सहा हजार आणि तीन हजारांचं उदाहरण वाचून माझा निर्णय झाला, दोन मोटरी आणि लॉक.

हलकंफुलकं, वजनाबाबत मी तुमच्याच बाजूचा, पण साठ किलोवॉट-तासांवर अडतो. वाळूत आणि चिखलात दर किलोमीटरला वीज कितीतरी जास्त लागते, खडबडीत टायर त्यात भर घालतात, आणि डबा भरून वीज आणता येत नाही. जाण्याइतकीच परतीची शिल्लक ठेवायची तर मला ऐंशी-पंच्याऐंशी हवी. वजन इतर ठिकाणी कापू. बॉलिंजर या अमेरिकन कंपनीने २०१७ साली दाखवलेली विजेवरची बी-१ आठवते का? सपाट काचा, सरळ पत्रा, पुढच्या बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत आरपार लांब फळ्या ठेवायची जागा, आणि चाकापाशी गिअर असल्यामुळे उंच अ‍ॅक्सल. २०२२च्या सुरुवातीला त्यांनी ती बाजूला ठेवली, याचं मला आजही वाईट वाटतं. सपाट काच कुणीही कापून देतो.

विंचचा (दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणाऱ्या यंत्राचा) विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. बारा व्होल्टची चांगली विंच पूर्ण भारावर चारशे अँपिअरच्या आसपास खेचते. विजेवरच्या गाडीत बारा व्होल्टची बॅटरी चिमुकली असते आणि तिला भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर साधारण दोन-तीन किलोवॉटचा, म्हणजे दोनशे अँपिअरच्या आसपासच. पोटात एवढी मोठी बॅटरी असून विंच अर्धपोटी. मला विंचसाठी ४८ व्होल्टची वेगळी लाइन कारखान्यातूनच हवी, पुढच्या आणि मागच्या बंपरपर्यंत आणलेली.

आणि ओढून न्यायची वेळ आलीच तर चाकं मोटरीपासून हाताने सुटी करता आली पाहिजेत. मोटरीत कायमचुंबक असले की चाक फिरताच त्या वीज तयार करतात, म्हणून बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका असं बजावलेलं असतं. जिथे ट्रक पोचत नाही तिथे हे बजावणं काय कामाचं? एक लिव्हर द्या. हँडब्रेकही हाताने सोडता आला पाहिजे.

चंद्रावर नेलेली अपोलोची गाडी तर मला नेहमीच आदर्श वाटत आलीय. विजेवरची, चार चाकांना चार मोटरी, प्रत्येकी पाव हॉर्सपॉवरची, पुढे ८०:१ चा गिअर. गाडीचं वजन २१० किलो आणि ती ४९० किलो वाहून न्यायची. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या वेळी हातोडा अडकून तिचं मडगार्ड तुटलं आणि चंद्राची धूळ अंगावर यायला लागली. अंतराळवीरांनी चार नकाशे टेपने जोडून, क्लॅम्प लावून नवं मडगार्ड बनवलं आणि काम पुढे चालू ठेवलं. नकाशे क्लॅम्पला धरून बसले, कारण तो भाग उघडा होता आणि हात पोचत होता.

ओढ्यापलीकडे, तुमच्या त्या हवेच्या नोझलवर अजून विचारायचं आहे. दाब किती द्यायचा आणि किती मिनिटं बघायचा, हे गाडीवरच छापलेलं असावं ना? कवचाच्या आतल्या बाजूला की बॉनेटखाली?

---

ओढ्यापलीकडे

बॉनेटखाली. ब्रीदर जिथे आणले तिथेच, शेजारी. खाली ठेवलंत तर चिखलात बुजेल आणि वाचायला गाडी उचलावी लागेल. आणि आकडे पट्टीवर कोरलेले असू देत. स्टिकर दोन पावसाळ्यांत जातो.