पक्षाघातानंतर चार वर्षांनी हाताचा सराव: अनुभवी कुटुंबांकडून मदत हवी आहे

माझी आई ६१ वर्षांची असून यावल तालुक्यातील आमच्या गावी राहते. चार वर्षांपूर्वी, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने तिची उजवी बाजू लुळी पडली. पाय सावरला, हात राहिला. सहा महिन्यांत जे परत येते तेवढेच, असे तेव्हा आम्हाला सांगण्यात आले आणि ते खरे मानून आम्ही व्यायाम थांबवले, याची मला फार खंत वाटते.

गेल्या पोळ्यापासून आम्ही तिला आठवड्यातून एकदा जळगावला एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे नेतो. त्यांच्या मते सर्व कामे डाव्या हाताने उरकण्याची सवय जडल्यामुळे उजव्या हातात शिल्लक असलेली हालचालही वापरली जात नाही. म्हणून चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दुबळ्या हाताकडूनच कामे करून घ्यावीत, असे त्या सुचवतात. या पद्धतीवरचा २००६ साली प्रसिद्ध झालेला २२२ रुग्णांचा अमेरिकी अभ्यास माझ्या वाचनात आला. त्यात दोन आठवड्यांच्या कसून केलेल्या सरावाचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. मात्र त्या रुग्णांना झटका येऊन तीन ते नऊ महिनेच झाले होते आणि त्यांना मनगट व बोटे स्वतःहून थोडी तरी उघडता येत होती.

आईचे मनगट वर उचलले जाते, अंगठा व पहिली दोन बोटे किंचित उघडतात. अनामिका व करंगळी मात्र मुठीत आवळलेल्या असतात, थंडीत अधिकच. परवा तिने कळण्याच्या पिठाची परात उजव्या हाताने दाबून धरली. भाकरी डाव्या हातानेच थापली, तरी तो हात चार वर्षांत प्रथमच चुलीपाशी कामाला आला.

आम्ही दोघे दिवसभर केळीच्या बागेत असतो आणि तिच्याजवळ बारावीतली मुलगी असते, त्यामुळे त्या अभ्यासातल्यासारखा दिवसाला सहा तासांपर्यंतचा सराव आम्हाला जमणारा नाही. रोज दोन तास, पण काही महिने सातत्याने, असा सराव कोणी घरी करून घेतला आहे का? चांगला हात बांधलेला असताना तोल गेला तर सावरायला काय व्यवस्था केली? हात उचलताना तिचा खांदा दुखतो, तेव्हा थांबावे की आधार देऊन पुढे जावे? आवळलेल्या बोटांसाठी बोटॉक्सचे (ताठरलेले स्नायू सैल करणारे) इंजेक्शनही सुचवले गेले आहे. त्याचा परिणाम साधारण तीन महिन्यांत ओसरतो, तर तेवढ्या काळात सराव कसा आखला, हे ज्यांनी ते घेतले आहे त्यांनी सांगावे.

लकव्याची तेले आणि देवस्थाने भाऊबंदांनी मायेने सुचवली आहेतच; मला सरावाविषयीचेच अनुभव हवे आहेत, आणि जळगाव, धुळे किंवा नाशिक येथे इतक्या जुन्या रुग्णांच्या हातावर नियमित काम करणारे केंद्र माहीत असल्यास तेही कळवावे.