द्राक्षबागेतील लोरा सेन्सर: बॅटरी टिकत नाही, संदेशही गळतात

प्रश्न

नमस्कार. निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत मातीतील ओलावा मोजणारे सेन्सर लोरावॅनवर (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारे रेडिओ नेटवर्क) बसवले आहेत. प्रत्येक सेन्सर दर १५ मिनिटांनी एक छोटा संदेश पाठवतो आणि बाकीचा वेळ स्लीप मोडमध्ये असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर मांडवावर पाला भरला, तसे लांबच्या ओळींतले संदेश गळू लागले. म्हणून प्रत्येक संदेशाची पोच मागण्याची सोय सुरू केली, तर गळती आणखी वाढली. शिवाय २,६०० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम-आयन सेल तीन आठवडेही पुरत नाही. ठिबकच्या वेळा या नोंदींवर ठरवायच्या असल्याने खात्री हवी आहे. सिमकार्डवर चालणाऱ्या एनबी-आयओटीकडे वळावे का?

उत्तर १

तंत्रज्ञान बदलण्याआधी हिशेब मांडून पाहावा. लोरात एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर) जितका मोठा, तितका संदेश सावकाश पण लांबवर जातो. १० बाइटांचा संदेश एसएफ७ वर सुमारे ६२ मिलिसेकंद हवेत असतो, तर एसएफ१२ वर जवळपास दीड सेकंद. दिवसाला ९६ संदेश आणि पाठवतानाचा प्रवाह ४० मिलिअँपिअर धरला, तर एसएफ१२ वरही प्रक्षेपणाचा दिवसाचा खर्च १.६ मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच राहतो. एवढ्याने आपला सेल तीन आठवड्यांत संपणार नाही. संशय बोर्डावर घ्यावा. पुष्कळ तयार बोर्डांवर एएमएस१११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर (सेलचे व्होल्टेज चिपला लागणाऱ्या ३.३ व्होल्टवर आणणारा भाग) असतो आणि तो एकटाच, चिप झोपलेली असतानाही, सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास, आणि त्या हिशेबाने सेल बरोबर तीन आठवड्यांत रिकामा होतो. मल्टिमीटर सेलच्या ओळीत जोडून स्लीप मोडमधला प्रवाह मोजा. एमसीपी१७०० सारख्या रेग्युलेटरचा स्वतःचा खर्च १.६ मायक्रोअँपिअर आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे एएमएस१११७ ला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये सुमारे एक व्होल्टचा फरक लागतो. सेल ३.७ व्होल्टवर उतरला की ३.३ व्होल्ट मिळतच नाहीत, संदेश पाठवताना बोर्ड रीस्टार्ट होतो आणि नेटवर्कला नव्याने जोडून घेत बसतो. बॅटरी आणि गळती ही आपली दोन दुखणी इथे एकच असू शकतात.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. पोच मागणे मात्र आजच बंद करावे, असे माझे ठाम मत आहे. गेटवे (सर्व सेन्सरांचे संदेश ऐकून इंटरनेटवर पोहोचवणारे यंत्र) पोच पाठवत असतो तेव्हा त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि त्या वेळात आलेले इतर सेन्सरांचे संदेश वाया जातात. ज्यांना पोच मिळत नाही ते तोच संदेश पुन्हा पाठवतात, पुढे एसएफ वाढवतात, त्यामुळे हवेतली गर्दी आणखी वाढते.

पाल्यातले पाणी सिग्नल शोषते, त्यामुळे मांडवाखालच्या अँटेनाची ताकद वाढवून फारसे हाती लागत नाही. अँटेना मांडवाच्या वर, उभ्या खांबावर न्यावी, आणि गेटवेची अँटेनाही गच्चीच्या कठड्यापेक्षा उंच असावी. असे केल्यावर सेन्सर एसएफ१२ वरून खाली आले, तर तिथली प्रत्येक पायरी हवेतला वेळ जवळपास निम्म्याने कमी करते.

उत्तर ३

एनबी-आयओटीत झोपेची सोय उत्तम आहे, पण टॉवरचा सिग्नल कमकुवत असलेल्या जागी तोच संदेश पुनःपुन्हा पाठवावा लागतो आणि बॅटरी तिथेही जाते. त्यातून दर सेन्सरला सिमचा खर्च. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, तो सोडण्याचे कारण मला दिसत नाही.

ओलावा १५ मिनिटांत फारसा बदलत नाही. म्हणून प्रत्येक संदेशात ताज्या नोंदीबरोबर आधीच्या तीन नोंदीही पाठवाव्यात. नोंदीला दोन बाइट धरले तर चार नोंदी आणि सेलचे व्होल्टेज मिळून १० बाइटांत बसते. सलग तीन संदेश गळाले तरी चौथ्यात सर्व नोंदी मिळतात, आणि गेटवेला एकही पोच पाठवावी लागत नाही. व्होल्टेज मात्र संदेश पाठवून झाल्या क्षणी मोजा, म्हणजे भाराखाली सेल किती खचतो ते कळेल.