मेंटेनन्सच्या बिलातला पुतळा

बी-३०४: सेक्रेटरीसाहेब, या महिन्याच्या बिलात "इतर ५००" आलंय ते कशाचं? रंगकामाच्या वेळी झालं तेच परत चाललंय का?

खजिनदार: ताई ते पुतळ्याच्या वर्गणीचं आहे. मीटिंगमध्ये ठरलंय.

बी-३०४: कुठल्या मीटिंगमध्ये? मला नोटीस नाही आली.

सेक्रेटरी: कमिटीच्या मीटिंगमध्ये. सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार 🙏 संगीतकार गोविंदराव टेंबे हे आपल्या कोल्हापूरचं भूषण. चौकात त्यांचा पुतळा व्हावा म्हणून भागातल्या रसिकांनी मोहीम काढलीय. सगळ्या सोसायट्या देतायत, आपण मागं राहिलो तर बरं दिसत नाही. सहकार्य करावे.

बी-१०३: टेंबे म्हणजे टेंबलाईचे काय 😂

सी-४०२: सी विंगची लिफ्ट बंद आहे.

ए-२०२ सर: चेष्टा करू नका रे. १९११ सालच्या मानापमानच्या चाली त्यांच्या, मग बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी काढली त्यातले तिसरे हेच, भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करायचे आणि प्रभात इथं कोल्हापुरात होती तेव्हा १९३२ ला अयोध्येचा राजा केला, पहिला मराठी बोलपट, त्यात हरिश्चंद्रही टेंबेच आणि संगीतही टेंब्यांचंच. या गावात पैलवानांची नावं पोराटोरांना पाठ असतात, पेटीवाल्याचं नसतं.

बी-१०३: सॉरी सर. हिरो पण तोच आन म्युझिक डायरेक्टर पण तोच, नाद खुळा

ए-४०४ काकू: पुतळाच करायचा तर बाबूजींचा करा की. सुधीर फडक्यांचा जन्मपण कोल्हापूरचाच, २५ जुलै १९१९. गीतरामायणातली ५६ गाणी लोकांना तोंडपाठ आहेत. टेंबे कुणाला ठाऊक?

ए-२०२ सर: ठाऊक नाहीत म्हणूनच पुतळा, वहिनी.

ए-४०४ काकू: पुतळ्यानं कळतात होय? गावात एवढे पुतळे आहेत, खालची पाटी न वाचता किती ओळखता तुम्ही?

बी-१०३: काकू विरुद्ध सर, तिकीट किती 🍿

ए-४०४ काकू: तुझ्या आईला सांगते थांब.

सी-१०१ आप्पा: वाद नंतर घाला. चौकात म्हणजे मधल्या आयलंडवर ना? जानेवारी २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश वाचा. रस्त्यावर, फुटपाथवर नव्या पुतळ्याला परवानगी द्यायची नाही असं सरळ लिहिलंय. त्यात २०१७ चा शासन निर्णय आहे, जागेची मालकी, महापालिकेचा ठराव, पोलिसांचा ना हरकत, कला संचालनालयाकडून क्ले मॉडेलला मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, हे सगळं झाल्यावर ओतकाम. आणि ट्रस्ट नसताना लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क ची परवानगी लागते, गणपती मंडळं काढतात तीच. यातलं हातात काय आहे?

सेक्रेटरी: प्रक्रिया सुरू आहे आप्पा.

सी-१०१ आप्पा: म्हणजे काही नाही.

सेक्रेटरी: आप्पा तुम्ही महसूलमध्ये होता, तुमच्या अनुभवाचा आदरच आहे. पण प्रत्येक चांगल्या कामात आधी नियम दाखवायची सवय सोसायटीला महागात पडलीय हे सगळ्यांना माहितीय. मी नाव घेत नाही.

सी-१०१ आप्पा: घ्या की नाव. सोलर माझ्यामुळं अडलं असं म्हणायचंय ना? कागद माझ्याकडं आहेत.

सी-४०२: सी विंगची लिफ्ट बंद आहे.

बी-३०४: विषय भरकटवू नका. वर्गणी ही स्वेच्छेची असते, मेंटेनन्सच्या बिलात कमिटी ती लावू शकत नाही. टेंबे मोठेच होते, मी स्वतः सरांना वेगळे पैसे देईन, पण बिलात नाही.

खजिनदार: ठीक आहे, ज्यांना द्यायचं नाही त्यांच्या वाटचं सिंकिंग फंडातून तात्पुरतं

बी-३०४: काय???

सी-१०१ आप्पा: खबरदार सिंकिंग फंडाला हात लावाल तर.

बी-३०२: तो फंड इमारतीसाठी असतो ओ, बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरवर्षी भरतोय तो काय पुतळ्याला?

खजिनदार: तात्पुरतं म्हटलं मी. पूर्ण वाचत जावा.

सी-४०२: पुतळ्याला लिफ्ट लागत नाही म्हणून पैसे आहेत वाटतं. सी विंगची लिफ्ट बंद आहे.

बी-३०२: आणि घाईत, पैसे वाचवून करू नका. मालवणला बघितलं ना, डिसेंबर २३ ला अनावरण आणि २६ ऑगस्ट २४ ला

सेक्रेटरी: तो विषय या ग्रुपवर नको. कृपया. 🙏 वातावरण निवळावं म्हणून मॉडेलचा फोटो टाकतोय. शिल्पकार आपल्या भागातलाच तरुण आहे.

सेक्रेटरी: 📷 फोटो

ए-४०४ काकू: पगडी छान आलीय. चेहरा जरा रागीट.

बी-१०३: वर्गणीचा आकडा सांगितला असंल त्यांना

ए-२०२ सर: सेक्रेटरीसाहेब, फोटो मोठा करून बघा. मांडी घालून बसवलंय, पुढं हातपेटी, आणि दोन्ही हात पट्ट्यांवर. मग भाता कोण मारतंय? हातपेटीला डावा हात मागं भात्यावर असतो. पायपेटी दाखवायची असेल तर दोन्ही हात पट्ट्यांवर चालतील, पण मग माणूस खुर्चीवर हवा आणि पाय पायट्यांवर. हे असं ब्राँझमध्ये ओतलं तर गावातला प्रत्येक पेटीवाला येता-जाता हसणार, आणि तेही टेंब्यांना.

बी-३०४: 😂😂 सर यासाठी तरी ५०० द्यावेसे वाटतायत

सेक्रेटरी: सर, बारीकसारीक गोष्टी नंतर सुधारता येतील.

ए-२०२ सर: माती आहे तोवरच सुधारतात. मी रविवारी पेटी घेऊन जातो त्या मुलाकडं, समोर वाजवून दाखवतो. कुणाची गाडी आहे का?

बी-१०३: मी येतो सर. पेटी मी उचलतो.

सी-१०१ आप्पा: जागा मात्र बागेतली बघायला सांगा त्यांना. आयलंड विसरा. अर्ज मी लिहून देतो, फुकट.

सेक्रेटरी: आप्पांचे आभार. ५०० पुढच्या बिलात वजा करतो, स्वेच्छेनं द्यायचे त्यांनी सरांकडं द्यावेत. इथं विषय थांबवूया.

बी-३०४: पुढच्या नाही, याच बिलात. सुधारित बिल काढा.

खजिनदार: हा मेसेज डिलीट केला आहे.

बी-३०४: वाचलाय मी. स्क्रीनशॉटपण आहे.

सी-१०१ आप्पा: मला पाठवा.