जुन्या प्लेटिंग कारखान्याच्या जागेवर वस्ती होणार असेल, तर आरोग्य-जोखमीचा अहवाल नव्याने करावा लागतो का?

नमस्कार. चिंचवड भागात पूर्वी क्रोम प्लेटिंगचा (धातूवर क्रोमियमचा मुलामा देण्याचा) कारखाना असलेल्या भूखंडावर गृहसंकुल होत असून तेथे माझी बहीण सदनिका घेणार आहे. आग्रह धरल्यावर विकासकाने माती तपासणीचा व आरोग्य-जोखमीचा अहवाल दाखवला. ‘जोखीम स्वीकारार्ह’ असा त्याचा निष्कर्ष आहे. मात्र परिशिष्टातील कोष्टकात भूखंडाचा पुढील वापर ‘औद्योगिक’ आणि संपर्कात येणारी व्यक्ती म्हणून केवळ प्रौढ कामगार धरला आहे, वर्षाचे २५० दिवस, २५ वर्षे. प्रत्यक्ष आराखड्यात तळमजल्यावर बालवाडी आणि मागे खेळाचे मैदान आहे.

मातीतील क्रोमियम तेवढेच असले तरी तेथे कोण, किती काळ वावरणार यावर जोखीम ठरते. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या गृहीतकांत रहिवाशासाठी वर्षाचे ३५० दिवस धरतात. सहा वर्षांखालील मुलाच्या पोटात हातातोंडावाटे रोज २०० मिलिग्रॅम माती जाते असे मानतात, प्रौढाच्या पोटात १००. मुलाचे वजन १५ किलो आणि प्रौढाचे ८० किलो धरले, तर दर किलो वजनामागे मुलाच्या वाट्याला दहापटीहून अधिक माती येते. म्हणून हा निष्कर्ष बालवाडीला लागू करणे मला धोक्याचे वाटते.

शिवाय अहवालात फक्त एकूण क्रोमियम आहे. श्वासावाटे कर्करोगाचा धोका ज्यापासून असतो, ते क्रोमियमचे रूप, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमियम, वेगळे मोजलेलेच नाही. प्लेटिंगपूर्वी धातूवरील तेलकटपणा काढायला ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावके (तेल विरघळवणारी रसायने) वापरली जात. त्यांची वाफ जमिनीतून फरशीच्या फटींवाटे बंद खोल्यांत शिरू शकते. कोष्टकात हा मार्गच नाही. पार्किंगसाठी खोदकाम झाल्यावर वरची माती निघून जाईल हे खरे, पण ती कोठे भरावाला टाकणार, याबद्दल एक ओळही नाही.

जाणकारांना माझी विनंती आहे की त्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत; भूखंड दूषित जागांच्या यादीत नसला, तरी निवासी वापर धरून फेरमूल्यांकन करून घेण्याची मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते का? आणि करारावर सही करण्यापूर्वी विकासकाकडून माती, भूजल व मातीतील वायू यांच्या नेमक्या कोणत्या चाचण्या लेखी मागाव्यात?