जेन्तिले: निष्णात मार्कर की सरळसरळ कसाई?

पाठचा बॅक
१९८२ च्या वर्ल्डकपमधली इटली-अर्जेंटिना मॅच परवा पुन्हा अख्खी पाहिली (२९ जून, बार्सिलोनाचं सारिया स्टेडियम, इटली २-१). इटलीचा डिफेंडर क्लाउदिओ जेन्तिलेचं नाव निघालं की लोक 'कसाई' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. क्लिपांमध्ये नुसत्या लाथा दिसतात. पूर्ण मॅचमध्ये दिसतं ते असं: पास निघायच्या आधीच हा मॅराडोनाच्या पाठीला चिकटलेला. चेंडू पोचला तरी गोलकडे तोंड करू देत नाही. मॅराडोना वैतागून आपल्याच हाफमध्ये चेंडू मागायला जातो, तर हा तिथेही हजर. वळताच आलं नाही की चेंडू मागे देण्यावाचून करणार काय? याला अक्कल लागते.

डावखुरा
कसली अक्कल हो? एक हात कायम जर्सीत, गुडघा मांडीत, आणि चेंडू निघून गेल्यावर वर टाचेवर बूट. त्या मॅचमध्ये मॅराडोनावर २३ फाउल झाले! आज खेळला असता तर अर्ध्या तासात आंघोळ करून बसमध्ये जाऊन बसला असता. वर मॅच झाल्यावर म्हणे, फुटबॉल हा बॅले नाचणाऱ्यांचा खेळ नाही. आणि ५ जुलैला ब्राझीलविरुद्ध झिकोची जर्सी टरकावली ती? बिचारा झिको फाटकी जर्सी रेफरीला दाखवत राहिला.

पाठचा बॅक
२३ हे अख्ख्या इटलीने मिळून केलेले. सगळे एकट्याच्या नावावर कशाला खपवता? जर्सीचं मात्र कबूल. फाडलीच त्याने.

ऑफसाइड
गंमत बघा, इटालियन भाषेत 'जेन्तिले' म्हणजे सौम्य, सुस्वभावी. जन्म लिबियातल्या त्रिपोलीचा, म्हणून टोपणनाव पडलं गद्दाफी. दोन्ही नावं एकाच माणसाची!
असो. माझा राग रेफरींवर आहे. अर्जेंटिनाविरुद्ध एक पिवळं कार्ड दिलं आणि विषय संपवला. मागून घातलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड, ही सक्ती १९९८ ला आली. रेफरी जेवढं चालवून घेतो तेवढं डिफेंडर करणारच.

डावखुरा
मग त्याच टीममधला शिरेआ बघा की. तोच काळ, तेच रेफरी, तीच युव्हेंटस क्लबची बॅकलाइन. आख्ख्या कारकिर्दीत एकदाही लाल कार्ड नाही. स्वच्छ खेळता येत होतं, यांना खेळायचं नव्हतं.

पाठचा बॅक
इथेच गफलत होते. शिरेआ लिबेरो होता. त्याच्या गळ्यात कुणी मॅराडोना बांधलेला नव्हता. तो मागे मोकळा उभा राहून खेळ वाचायचा, सुटलेला चेंडू उचलायचा आणि मान वर करून पुढे निघायचा. चेंडू सुटायचा कारण पुढे जेन्तिले कुणाच्या तरी बरगड्यांत कोपर घालून उभा असायचा. उलटंही खरंच. पाठीमागे शिरेआ होता म्हणून जेन्तिलेला एवढं अंगाला अंग लावून खेळायची छाती झाली. हुकला तरी सावरायला माणूस होता. जोडी होती ती. अर्ध्या जोडीला संत आणि अर्धीला गुंड म्हणता येत नाही.

डावखुरा
हा मुद्दा मानला. पण मग त्याचं नाव घेताना 'कला' हा शब्द नको. काम म्हणा.

नवखा विंगर
एक फरक करूया का? स्पेनचा डिफेंडर गोइकोएचियाने १९८३ मध्ये मॅराडोनाचा घोटा मोडला. जेन्तिलेच्या मॅचनंतर मॅराडोना तिसऱ्या दिवशी ब्राझीलविरुद्ध खेळला. छळणं आणि मोडणं एकाच मापाने कसं मोजायचं?

डावखुरा
खेळला, आणि बतिस्ताला लाथ घालून लाल कार्ड खाल्लं! तो राग आला कुठून?
बाकी तुमचा जेन्तिले दोन पिवळ्या कार्डांमुळे पोलंडविरुद्धच्या सेमीफायनलला बाहेर होता. इटली २-०. काही अडलं नाही.

पाठचा बॅक
पोलंडचा बोनियेकही निलंबित होता हो, ते सोयीस्करपणे विसरलात. फायनलला जेन्तिले परत आला तेव्हा वेस्ट जर्मनीच्या लिटबार्स्कीला रोखायचं काम त्याच्याकडे होतं. इटली ३-१. तीही पूर्ण बघा.

डावखुरा
बघतो. जर्सी शाबूत राहिली का त्याची?